तांदळाचा दाणा आणि शेतातले पाणी

घरात तांदूळ आणताना आपण त्याची जात विचारतो, तो जुना आहे की नवा हे पाहतो, मूठभर दाणे तळहातावर घेऊन कणीचे प्रमाण न्याहाळतो आणि शेवटी भावावर येतो. मात्र लोंबीत दाणा भरत असताना शेतात पाणी किती होते, ते कोणत्या दिवसांत मिळाले आणि कोणत्या दिवशी तोडले, हे आपण दुकानदाराला विचारत नाही. विचारले तरी त्याला ते ठाऊक नसते. तथापि एकाच जातीचा तांदूळ एका वर्षी मोकळा, अखंड आणि चवदार का निघतो आणि दुसऱ्या वर्षी तोच गिचका व तुकड्यांनी भरलेला का निघतो, याचे बरेचसे उत्तर या न विचारलेल्या प्रश्नात असते.

गेली तीसएक वर्षे मी हैदराबादेत वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. बोधन, मदनूर, जुक्कल या सीमेवरच्या भागांतून मराठी बोलणारे शेतकरी माझ्याकडे येतात. त्यांच्या रक्तातील साखरेविषयी बोलताना त्यांच्या साळीविषयी बोलणे ओघाने येतेच. त्या संभाषणांतून आणि या विषयाच्या वाचनातून जे हाती लागले, ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे वाटले. डॉक्टरांनी भाताच्या पाण्याची चौकशी कशासाठी करावी, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती रास्तच आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे.

दाणा भरतो कसा?

भाताचे पीक पोटरीत येते, मग निसवते, फुलोऱ्यावर येते आणि त्यानंतर साधारण तीस दिवसांत दाणा पक्व होतो. फुलोऱ्यानंतर प्रथम दाण्यात दूध येते, ते घट्ट होऊन पिठाळते आणि अखेरीस दाणा कडक होतो. या काळात पानांत तयार झालेली व खोडात साठलेली साखर लोंबीकडे वाहते आणि तेथे तिचे पिष्टमय पदार्थात रूपांतर होते. पिष्टाचे सूक्ष्म कण एकमेकांना घट्ट चिकटून बसले, तर दाणा काचेसारखा पारदर्शक दिसतो. भरणी घाईने किंवा अपुरी झाली, तर कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग उमटतो. हा डाग केवळ दिसण्याचा दोष नाही. पोकळी असलेला दाणा गिरणीच्या घर्षणात टिकत नाही, तेथेच तो मोडतो.

साळीच्या वजनात सुमारे एक पंचमांश तूस असते व आठ-दहा टक्के कोंडा असतो. म्हणजे शंभर किलो साळीतून सडलेला तांदूळ अडुसष्ट-सत्तर किलोंच्या वर जात नाही. त्यातही अखंड दाणा किती आणि कणी किती, यावर गिरणीवाल्याचा नफा व शेतकऱ्याचा भाव ठरतो. अखंड तांदूळ व कणी यांच्या किमतीत पुष्कळ अंतर असते. म्हणूनच पोत्यांच्या संख्येवर समाधान मानणारा शेतकरी आणि दाणा फोडून पाहणारा व्यापारी यांच्यात दरवर्षी वाद होतो.

उणे पाणी आणि अवेळी पाणी

एक किलो साळ पिकवण्यास शेतात सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, असा आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा अंदाज आहे. जमिनीच्या प्रकारानुसार हा आकडा पुष्कळ कमी-अधिक होतो. यातील सगळे पाणी रोपाला हवे असते असे नव्हे. बरेचसे जमिनीत मुरते व बरेचसे उडून जाते. भाताच्या खाचरात पाणी साठवून ठेवण्यामागे तण दाबणे हाही एक मोठा हेतू असतो.

या पिकाला सर्वांत जपण्याचा काळ फुलोऱ्याचा. त्या आठ-दहा दिवसांत जमीन कोरडी पडली, तर परागसिंचन बिघडते आणि लोंबीत पळींज, म्हणजे पोकळ दाणे, वाढतात. ताण त्यानंतर, दूध भरताना पडला, तर रोप घाई करते. पाने लवकर पिवळी पडतात, खोडातील साठा वेगाने लोंबीकडे ओढला जातो, भरणीचे दिवस कमी होतात आणि दाणा बारीक व पोटात पांढरा राहतो. लोंबीच्या वरच्या भागातील दाणे आधी भरलेले असतात, म्हणून त्यांचे फारसे नुकसान होत नाही. खालच्या फांद्यांवरील दाणे उशिरा भरतात आणि दुष्काळाचा पहिला फटका त्यांनाच बसतो.

याचा अर्थ असा नव्हे की खाचर सदैव तुडुंब भरलेले असावे. फिलिपाईन्समधील वर उल्लेखिलेल्या संस्थेने प्रसृत केलेली आळीपाळीने भिजवणे व सुकू देणे ही पद्धत आता अनेक देशांत रूढ होत आहे. शेतात छिद्रे पाडलेली एक नळी पुरायची. तिच्यातील पाण्याची पातळी जमिनीच्या पृष्ठभागाखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यायची आणि मगच पुढचे पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या आधीचा व नंतरचा एक आठवडा मात्र पाणी उभे ठेवायचे. एवढे पथ्य पाळल्यास पाण्याची बचत तीस टक्क्यांपर्यंत होते आणि उत्पन्नात सहसा घट येत नाही. सौम्य प्रमाणात सुकू दिलेल्या शेतातील दाणा गिरणीत अधिक अखंड राहतो, असेही काही प्रयोगांत दिसून आले आहे. मुळांना हवा मिळाल्याने ती अखेरपर्यंत काम करीत राहतात, हे त्याचे एक कारण असावे. परंतु जमिनीला भेगा पडेपर्यंत सुकू दिल्यास लाभ संपतो आणि वर सांगितलेले सर्व तोटे सुरू होतात. औषधाच्या मात्रेविषयी आपण जे रुग्णाला सांगतो, तेच येथे लागू पडते.

काढणीच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाणी

काढणीपूर्वी सात ते दहा दिवस शेतातील पाणी काढून टाकावे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यापेक्षा फार आधी पाणी तोडले तर शेवटचे दाणे भरत नाहीत. फार उशिरा तोडले तर पीक एकसारखे पिकत नाही आणि चिखलात हार्वेस्टर रुततो. कापणीच्या वेळी दाण्यात वीस ते पंचवीस टक्के ओलावा असावा, नंतर तो सावकाश उतरवून गिरणीसाठी चौदा टक्क्यांवर आणावा, हे आदर्श वेळापत्रक झाले.

प्रत्यक्षात काय घडते? दाणा शेतातच वाळून पंधरा टक्क्यांच्या खाली जातो. मग रात्रीचे दव किंवा अवेळी पावसाची सर त्याच्यावर पडते. बाहेरचा थर पाणी शोषून फुगतो, आतला भाग कोरडाच असतो. या ओढाताणीत दाण्याला आडवी चीर जाते. भर उन्हात डांबरी रस्त्यावर साळ पातळ पसरून घाईने वाळवली तर हेच उलट्या दिशेने घडते. ही चीर तुसाच्या आत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. खळ्यावरची रास सोन्यासारखी दिसते आणि गिरणीत गेल्यावर तिची कणी होते. हाडाला पडलेली केसासारखी बारीक भेग बाहेरून दिसत नाही व वजन पडल्यावर उघड होते, हे आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना नव्याने सांगावयास नको.

पाणी आले, हंगाम मात्र तोच

आता तेलंगणाच्या भूमीवर येऊ. हा प्रदेश मुळात तलावांचा. पाखाल, रामप्पा, लकनावरम हे काकतीय काळातील तलाव आजही शेतांना पाणी देतात. निजामाच्या राजवटीत १९२३ ते १९३१ या काळात मांजरा नदीवर निजामसागर बांधला गेला. ही मांजरा बीड जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावणारी, म्हणजे आपल्या मराठवाड्याचीच लेक. गोदावरीवर पोचमपाड येथे श्रीरामसागर झाला. तरीही शेतीचा मोठा भाग विहिरी, बोअर आणि पावसावरच अवलंबून होता. उन्हाळी साळ, जिला येथे यासंगी म्हणतात, ती पाण्याची हमी असलेल्या थोड्या भागातच लावली जाई.

२ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यानंतर चित्र वेगाने बदलले. २०१५ पासून मिशन काकतीय या योजनेत जुन्या तलावांतील गाळ काढण्यात आला. १ जानेवारी २०१८ पासून शेतीपंपांना चोवीस तास मोफत वीज मिळू लागली. २१ जून २०१९ रोजी मेडिगड्डा येथे, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाच्या समोरच, काळेश्वरम उपसा योजनेचे उद्घाटन झाले. त्याच बंधाऱ्याचे काही खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले आणि या योजनेविषयी मोठा वाद उभा राहिला, तो भाग निराळा. लागोपाठ चांगले पावसाळेही लाभले. परिणामी उन्हाळी साळीचे क्षेत्र अभूतपूर्व वाढले आणि २०२०-२१ च्या उन्हाळी हंगामात शासकीय खरेदी नव्वद लाख टनांच्या वर गेली.

पाणी आले, पण ऋतू बदलला नाही. डिसेंबर-जानेवारीत लावलेले पीक मार्चमध्ये फुलते आणि दाणा भरण्याचे व पिकण्याचे दिवस नेमके एप्रिलच्या कडक उन्हात येतात. भाताचा दाणा उत्तम भरतो तो दिवस-रात्रीचे सरासरी तापमान वीस ते पंचवीस अंश सेल्सिअस असताना. निजामाबाद, करीमनगर या भागांत एप्रिलमध्ये दुपारचा पारा चाळिशी गाठतो. रात्रीही उष्ण असल्या म्हणजे पिष्ट बनवणारी विकरे मंदावतात, भरणीचे दिवस घटतात, पांढऱ्या पोटाचे दाणे वाढतात. पुढे दुपारची होरपळ आणि रात्रीचा गारवा यांच्या फेऱ्यात दाण्याला चिरा जातात. शेतात पाणी असूनही दाणा तहानलेल्या पिकासारखा निपजतो. त्यातून साधा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ काढायचा म्हटला की गिरणीत त्याचा मोठा भाग कणी होऊन पडतो. त्या काळी शासकीय खरेदीच्या निकषांत साध्या तांदळात पंचवीस टक्क्यांपर्यंत तुकडा चालत असे. उन्हाळी साळ या मर्यादेत बसवणे गिरण्यांना अशक्यप्राय झाले.

यावर तोड एकच होती व ती म्हणजे साळ उकडणे. पण उकडा तांदूळ खाणारी राज्ये, विशेषतः केरळ व तमिळनाडू, आपापली साळ वाढवू लागली होती आणि केंद्राच्या गोदामांत उकड्या तांदळाचे साठे पडून होते. यापुढे उकडा तांदूळ देणार नाही, असे राज्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राला लिहून दिले. त्यानंतर केंद्र आणि राज्य यांच्यात जो संघर्ष झाला, तो वृत्तपत्रांतून आपण सर्वांनी वाचला आहे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी हैदराबादच्या इंदिरा पार्कजवळ आणि ११ एप्रिल २०२२ रोजी दिल्लीत राज्याचे मुख्यमंत्री स्वतः धरण्याला बसले. दुसऱ्याच दिवशी राज्याने तोटा सोसून सगळी उन्हाळी साळ खरेदी करण्याचा निर्णय जाहीर केला.

राजकारणातील बरे-वाईट ठरवणे हा या लेखाचा उद्देश नाही. माझ्या दवाखान्यात या प्रश्नाची जी बाजू आली, ती मात्र सांगितली पाहिजे. बोधनकडील एक साठीचे शेतकरी, मधुमेहाचे जुने रुग्ण, त्या वर्षी दोन महिने फिरकलेच नाहीत. आले ते पायाच्या अंगठ्याजवळ चिघळलेली जखम घेऊन. साखर तीनशेच्या वर होती. मी जरा रागावूनच विचारले, "दादा, इतके दिवस होतात कुठे?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, राशीपाशी निजत होतो. वलावा सतराच्या खाली आल्याबिगर माप होत नाही म्हणत होते. दिवसा वाळवावं, तर राती पाऊस यावा. गोळ्या घरी, मी खळ्यावर. पायाकडं कोण बघतंय?" खरेदीसाठी साळीत सतरा टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होते. आपल्या साखरेचा आकडा मात्र त्यांना सांगता आला नाही. जखम सुदैवाने भरून आली, पाय वाचला. परंतु दाण्याचा ओलावा आणि माणसाच्या पायाची जखम यांचा इतका निकटचा संबंध असू शकतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला वाचावयास मिळाले नव्हते.

उकड्या तांदळाची वैद्यकीय थोरवी

आपल्या मराठी घरांत, कोकण व गोव्याचा अपवाद सोडला, तर उकड्या तांदळाकडे नाक मुरडूनच पाहिले जाते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याला मानाचे स्थान आहे. साळ भिजवून वाफवली की दोन गोष्टी घडतात. दाण्यातील पिष्ट फुलून चिकट होते आणि चिरा सांधल्या जातात, म्हणून वाळवून सडल्यावर कणी फार कमी पडते. शिवाय कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात उतरते आणि सडल्यानंतरही बरेचसे टिकून राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आईकमन यांनी सडीक तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा मज्जातंतूंचा विकार पाहिला. १९०५ च्या सुमारास विल्यम फ्लेचर यांनी क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात काही रुग्णांना उकडा व काहींना साधा सडीक तांदूळ देऊन तुलना केली. बेरीबेरीचा उपद्रव साध्या तांदळाच्या गटातच प्रामुख्याने दिसून आला. आपल्या देशातही आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवर, जेथे गिरणीतील साधा सडीक तांदूळ खाल्ला जाई, तेथे बेरीबेरी होती. उकडा खाणाऱ्या प्रांतांत ती क्वचितच आढळे. याच रोगाच्या अभ्यासासाठी रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे एक छोटे केंद्र सुरू केले. ते केंद्र वाढत गेले, १९५८ साली हैदराबादेत आले आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. तार्नाक्याहून जाताना जिची पाटी आपण रोज पाहतो, त्या संस्थेचा जन्मच तांदळाच्या दाण्यातून झाला आहे!

पाण्याबरोबर येणारे पाहुणे

पाण्याचे प्रमाण दाण्याचे रूप ठरवते, तसेच दाण्यात कोणते विष उतरेल हेही काही अंशी ठरवते. खाचरात सतत पाणी उभे राहिले की मातीतील प्राणवायू संपतो. त्या अवस्थेत लोहाच्या संयुगांना चिकटलेले आर्सेनिक सुटे होऊन पाण्यात येते. भाताची मुळे सिलिका शोषून घेण्यात पटाईत असतात. आर्सेनिक त्याच वाटेने आत शिरते. पश्चिम बंगाल व बांगलादेशात उन्हाळी भाताला आर्सेनिकयुक्त भूजल दिले जाते, तेथे हा प्रश्न गंभीर आहे. सडीक तांदळातील असेंद्रिय आर्सेनिकाची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असावी, असे आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने २०१४ साली ठरवले.

मग शेत सुकू द्यावे म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटेल. आर्सेनिक त्यामुळे कमी होते, हे खरे. पण शेत कोरडे पडून मातीत प्राणवायू खेळू लागला की कॅडमियम हा दुसरा घातक धातू विद्राव्य होतो आणि दाण्यात जातो. जपानमधील तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या काठी खाणीच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यावर भात पिकत असे. तेथे हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा आणि मूत्रपिंडे निकामी करणारा इताई-इताई रोग पसरला व १९६८ साली शासनाने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. तात्पर्य, जेथे माती व पाणी स्वच्छ आहे तेथे पाण्याची बचत निर्धास्तपणे करावी. जेथे कारखान्यांचे वा शहराचे सांडपाणी शेतात जाते, तेथे आधी तपासणी हवी. आपल्या मुशी नदीच्या खालच्या अंगाला सांडपाण्यावर साळ पिकत आली आहे, हे ध्यानात घेता ही सूचना आपल्यासाठी दूरची नाही. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकल्यास आर्सेनिकाचा बराच भाग निघून जातो, मात्र त्याबरोबर ब-जीवनसत्त्वेही जातात, हेही रुग्णाला सांगावे.

जात, सुवास आणि साखर

पाण्याला इतके महत्त्व दिले म्हणून जातीचे महत्त्व कमी होत नाही. बापटला येथील सांबा मसुरी ही १९८६ साली प्रसृत झालेली जात बारीक दाण्यासाठी नावाजलेली आहे. पण तिला सुमारे पाच महिने लागतात, त्यामुळे ती खरिपातच शोभते. उन्हाळ्यात लवकर येणाऱ्या, तुलनेने जाड दाण्याच्या जाती लावाव्या लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात वेगळी लोंबी हेरून निवड पद्धतीने घडवलेला एचएमटी तांदूळ येथील बाजारात मानाने विकला जातो. घड्याळाच्या नावाचा हा तांदूळ एका मराठी शेतकऱ्याचा आहे, हे हैदराबादेतील फार थोड्यांना ठाऊक आहे. दादाजी २०१८ साली निवर्तले.

आंबेमोहोर व बासमती यांच्या सुवासाचे मुख्य द्रव्य एकच आहे. पिकताना हवा थंड असेल तर ते दाण्यात अधिक टिकते आणि भरणीच्या काळात पाण्याचा किंचित ताण पडला तर त्याचे प्रमाण वाढते, असे अनेक प्रयोग सांगतात. मावळातील आंबेमोहोराचे बियाणे आणून सपाटीच्या उष्ण प्रदेशात लावल्यास तोच दरवळ मिळत नाही, याचे कारण येथे सापडते.

मधुमेहाच्या दृष्टीने पाहता तांदळातील पिष्टाचा अमायलोज हा घटक महत्त्वाचा. तो जास्त असेल तर भात मोकळा होतो व साखर तुलनेने सावकाश वाढते. दाणा भरताना उष्णता जास्त असेल तर अनेक जातींत अमायलोज घटतो. राजेंद्रनगर येथे विकसित झालेली तेलंगणा सोना ही जात, तसेच येथीलच भात संशोधन संस्था व सीसीएमबी यांनी मिळून २००८ साली प्रसृत केलेली सुधारित सांबा मसुरी, यांचा ग्लायसेमिक निर्देशांक सुमारे ५१ आढळला आहे. पंचावन्नपर्यंतचा निर्देशांक कमी मानला जातो, म्हणून बाजारात "शुगरचा तांदूळ" या नावाने त्यांची विक्री होते. रुग्णांना येथे एक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते. पन्नास ग्रॅम तांदळात, जात कोणतीही असो, सुमारे अडतीस-एकोणचाळीस ग्रॅम कर्बोदके असतात. चांगल्या जातीचा भात दुप्पट वाढून घेतला, तर निर्देशांकाचा लाभ ताटातच संपतो. वाटीचे माप, सोबत डाळ व भाजी आणि जेवणानंतरची शतपावली यांना पर्याय नाही.

आपण काय करू शकतो?

उन्हाळी हंगाम महिनाभर अलीकडे ओढून साळ मार्चअखेर घरात यावी, म्हणजे उष्णता आणि गारपीट या दोहोंतून दाणा वाचेल, असा विचार मे २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच पुढे मांडला. गारांनी उभे पीक झोडपल्यानंतर सुचलेला हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. तो अमलात यायचा तर खरिपाची लावणी वेळेवर व्हावी लागते, म्हणजे पाणी जूनमध्येच हवे. पुढे राज्याने बारीक साळीला क्विंटलमागे पाचशे रुपये बोनस देण्यास सुरुवात केली आणि मार्च २०२५ अखेर, उगादीच्या दिवशी, शिधापत्रिकेवर बारीक तांदूळ देण्याची योजना आरंभली. गरिबाच्या ताटातील तांदळाच्या गुणवत्तेचाही विचार झाला, ही समाधानाची बाब होय. मात्र बारीक साळ पाण्याला व उष्णतेला अधिक नाजूक असते. केवळ बोनसच्या आशेने ती उन्हाळ्यात लावली गेली, तर कणीचा प्रश्न पुन्हा उभा राहील.

आपल्या हातात धोरण नाही, पण रुग्णाशी होणारे संभाषण आहे. शेतकरी रुग्णाची पुढील भेटीची तारीख ठरवताना सुगीचे दिवस विचारावेत. मार्चमध्येच त्याला दोन महिन्यांची औषधे व पायांची काळजी घेण्याच्या सूचना द्याव्यात. खळ्यावर जाताना गोळ्यांची पिशवी, पायांत बंद बूट आणि पाण्याचा घडा सोबत हवा, हे त्याच्या मुलाला किंवा सुनेला समजावून सांगावे. मधुमेही रुग्णाला तांदळाच्या जातीबरोबर वाटीचे मापही लिहून द्यावे. उकडा तांदूळ मिळत असेल तर तो कमी प्रतीचा समजू नये, हे आवर्जून सांगावे. बोधनचे ते रुग्ण आता दर मार्चमध्ये न चुकता येतात. गेल्या वर्षी त्यांनी अर्ध्या शेतात साळीऐवजी हरभरा घेतला. कारण विचारता म्हणाले, "त्याला पाणी बी कमी, अन् राशीपाशी निजायचं बी काम नाही."